परतीचं काय?

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना जन्मतारीख विचारा, निम्मे लोक १ जून सांगतील. त्या दिवशी काही ग्रहयोग वगैरे नसतो. पोराचं नाव शाळेत घालायला आलेल्या बापाला त्याचा जन्म आठवायचा तो “कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या पावसाळ्यात” असा, आणि हेडमास्तरांना दाखल्यावर पावसाळा लिहिता येत नसे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून १ जून लिहून ते मोकळे व्हायचे. एसटीचाही जन्म १ जूनचाच. १९४८ साली त्या दिवशी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली. ही तारीख हेडमास्तरांनी घातलेली नाही, अस्सल आहे. तरी खेड्यातल्या माणसाला एसटी आपल्याच वर्गातली वाटते, त्याचं मूळ इथंच कुठंतरी असावं.

१ जून २०२३ला एसटीला पंचाहत्तर वर्षं पुरी झाली. ऑगस्ट २०२२पासून असा नियम आहे की पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीत तिकीट लागत नाही. म्हणजे हिशेबानं एसटी आता स्वतःच्याच गाडीतून फुकट हिंडू शकते. फक्त गाडी आली पाहिजे.

आता एक गाव घेऊ. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारचं गाव म्हणेल, त्यांची गाडी बंद झाली तर लगेच लेख आला, आमची दोन वर्षं आधी बंद झाली तेव्हा कुणी चार ओळी खरडल्या नाहीत. तालुक्यापासून अठरा किलोमीटर, म्हणजे तीन टप्पे; एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. दिवसाकाठी चार फेऱ्या. सकाळी साडेसहाची तालुक्यावरून पुढं थेट जिल्ह्याला जाणारी, मग अकराची, चारची, आणि संध्याकाळी साडेसातची मुक्कामाची. गावात घड्याळं होती, पण ती लग्नात आहेर म्हणून आलेली, सेल संपेपर्यंत चालणारी. वेळ ठरायची गाडीवर. अकराची पोहोचायची अकरा चाळीसला, रोज, वर्षानुवर्षं, इतकी नेमकी की गावानं अकरा चाळीसलाच अकरा मानलं होतं. एकदा बदलीवर आलेला नवा चालक भर अकराला गाडी घेऊन आला आणि गेला. सगळ्या गावाची गाडी हुकली आणि त्या चालकाविरुद्ध तक्रार झाली: गाडी वेळेवर आणतो.

पण गावाची खरी गाडी मुक्कामाची. ती देवळापुढं उभी राहिली की गावाला आपण राज्याच्या नकाशावर असल्याची खात्री पटायची. चालक-वाहक झोपायचे देवळात, पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात, थंडी असली तर गाडीतच, बाकांवर आडवे. भाकरी त्यांच्या डब्यात असायची, पण कोरड्यास कुठल्या ना कुठल्या घरून यायचं. रात्री पारावर बसून वाहक तालुक्याच्या बातम्या सांगायचा. वर्तमानपत्रही एसटीनंच यायचं, पण त्यात मुख्यमंत्री काय म्हणाले ते असायचं. तहसील कचेरीत कोणता कारकून रजेवर आहे, कुठल्या डॉक्टरनं फी वाढवली, बाजारात कांद्याला काय भाव निघाला, हे वाहकाकडंच मिळायचं. म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं त्याच्या खिशात असायची आणि दुसऱ्या दिवशी भरलेली यायची. गावातल्या प्रत्येक पोराचं खरं वय फक्त त्यालाच माहीत होतं. बारा पुरी होईपर्यंत अर्धं तिकीट, त्यामुळं काही पोरं ओळीनं तीन वर्षं अकराचीच असायची. शाळेच्या दाखल्यावर एक वय, घरात एक आणि गाडीत एक. वाहक त्या पोराच्या फुटलेल्या मिशीकडं बघायचा, आईकडं बघायचा आणि अर्धं फाडायचा. वाद घालण्यात अर्थ नव्हता, रात्री कोरड्यास त्याच घरून यायचं होतं.

सकाळच्या साडेसहाच्या गाडीनं जाणारा सगळ्यांत महत्त्वाचा प्रवासी म्हणजे डबा. जिल्ह्याच्या गावी खोली करून राहिलेल्या पोरांचे डबे या गाडीनं जायचे. चालकाच्या मागं, इंजिनाच्या उबेला, फडक्यात बांधलेले सात-आठ डबे. झाकणावर ऑइलपेंटनं नाव. नाव पुसलेलं असेल तर फडक्याच्या रंगावरून ओळखायचे. तिकडं स्टँडवर पोरं फलाटाला येऊन उभी. चालक एकेक डबा खिडकीतून देताना बजावायचा, “काल मेथी तशीच परत गेली. आई रडत होती. आज खाऊन पाठव.” डबा कधीतरी बदलायचा. एकाला दुसऱ्याच्या आईचं भरलं वांगं इतकं आवडलं, की त्यानं त्या मित्राला सुटीत “तुझ्या घरी येतो” म्हणून विचारलं, गेला, मित्राला बहीण होती, आणि पुढचं सगळं पुढच्या वैशाखात झालं. त्या लग्नात आहेराच्या यादीत पहिलं नाव चालकाचं आहे.

प्रेमविवाहांचीही सोय याच गाडीत होती. पळून जाणाऱ्या जोडप्याला पहाटेची एसटी म्हणजे मोठा आधार. वाहक तिकीट विचारायचा, इरादा विचारायचा नाही. दोन फुल, जिल्हा, घंटी वाजली, संपलं. पुढं गाडी बंद झाली तेव्हा गावातल्या एका जोडप्याला वडापनं, म्हणजे खासगी जीपनं, पळून जावं लागलं. वडापवाला मुलीचा चुलतभाऊ निघाला. तरी त्यानं त्यांना नेलं असतं, पण जीप भरल्याशिवाय तो सोडत नाही, आणि भरायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मुलीचा बापच येऊन पुढच्या सीटवर बसला. त्यालाही तालुक्याला जायचं होतं. मागं कोण बसलंय ते त्यानं उतरल्यावर बघितलं.

गाडी बंद कशी झाली, हे गावात कुणी नेमकं सांगू शकत नाही, कारण ती एका दिवसात बंद झालीच नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, सगळंच थांबलं, तेव्हा अकराची तात्पुरती बंद झाली. ती अजूनही तात्पुरतीच बंद आहे. मग ऑक्टोबर २०२१च्या अखेरीला कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी. संप थेट एप्रिल २०२२पर्यंत, साडेपाच महिने चालला. गावाची सहानुभूती पूर्ण संपकऱ्यांच्या बाजूनं होती, कारण गावानं त्यांची भाकरी बघितलेली होती. डबा उघडला की पगार कळतो. संप मिटला, माणसं कामावर आली, पण गाड्या सगळ्या आल्या नाहीत. महामारीच्या आधी महामंडळाकडं अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या पुढं पंधरा हजारांच्या घरात आल्या. जुन्या मोडीत निघत होत्या, नव्या येणार येणार म्हणून वर्तमानपत्रात येत होत्या. उरलेल्या गाड्या जिथं माणसं जास्त तिथं धावायला लागल्या. ते चुकीचंही म्हणता येत नाही. आणि मग एक दिवस साडेसातची मुक्कामाची बंद झाली.

इथं थोडा हिशेब करावा लागेल, कारण आगारातले लोक काही खलनायक नसतात. त्यांच्यापुढं वही असते. साध्या गाडीला लिटरमागं चार-साडेचार किलोमीटर पडतात. अठरा जायचे, अठरा यायचे, आठेक लिटर डिझेल. म्हणजे सातशेच्या पुढं गेले, चालक-वाहकाचा पगार, टायर, बॅटरी सोडूनच द्या. आता संध्याकाळच्या गाडीत बसलेत अकराजण. त्यांत तिघं पंचाहत्तरीपुढचे, तिकीट शून्य. चार बायका, मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. तीन कॉलेजची पोरं, त्यांच्याकडं पास. राहिला एक. पूर्ण तिकीट काढणारा तो एकमेव माणूस त्या गावचा नसतोच. तो खताच्या कंपनीचा वसुलीवाला असतो आणि त्याला गाडीतलं कुणी ओळख दाखवत नाही. तीन टप्प्यांचे तीसेक रुपये धरले तर वाहकाच्या पिशवीत पडले नव्वद. सवलतींचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं, पण सरकारी पैसा ज्या गतीनं येतो ती गती बघता तोसुद्धा वडापनंच येत असावा. महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे. जानेवारी २०२५मध्ये भाडं वाढलं ते १४.९५ टक्क्यांनी. पंधरा म्हटलं तर लोकांना जड वाटेल म्हणून, बाटाच्या चपलेच्या किमतीसारखं.

वहीत या सगळ्याला एक शब्द आहे, भारमान. गाडीत जागा किती आणि भरल्या किती. संध्याकाळच्या गाडीचं भारमान कमी, सबब संध्याकाळची बंद. हे कुणालाही पटावं. पण वहीत जे येत नाही ते असं: संध्याकाळची गाडी गेल्यावर सकाळच्या गाडीनं जायचं कशाला? माणूस तालुक्याला राहायला जात नाही. त्याला सातबारा काढायचा असतो, दात काढायचा असतो, आणि रात्री घरी येऊन म्हशीची धार काढायची असते. परत यायची गाडी नाही म्हटल्यावर तो सकाळीही गाडीत चढेना. महिन्याभरात सकाळच्या गाडीचं भारमान पडलं. सबब सकाळचीही बंद. चारची राहिली, पण चारच्या गाडीनं जो तालुक्याला जाईल तो करणार काय, कचेऱ्या बंद व्हायला आलेल्या. चारच्या गाडीतून काही दिवस फक्त चालक-वाहक गावात येत आणि एकमेकांना घेऊन परत जात. मग तीही गेली. आगाराच्या कागदावर नोंद झाली की या गावाला एसटीची गरज उरलेली नाही. तोवर तसं गावातून एकानंही म्हटलेलं नव्हतं.

मधूनमधून गाडी नसण्याची राष्ट्रीय कारणंही असतात. आषाढीला पंढरपुरासाठी एसटी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडते, गणपतीला कोकणासाठी जवळपास तेवढ्याच. वर्तमानपत्रात हे मथळे वाचून शहरातला माणूस सुखावतो. खेड्यातला माणूस शांतपणे देवळाच्या कट्ट्यावर बसलेला असतो, कारण त्याला माहीत असतं की या जादा गाड्या काही कारखान्यातून आलेल्या नाहीत. त्यातली एक त्याची होती. विठ्ठलासाठी गेली म्हटल्यावर बोलताही येत नाही. कोकणाच्या गणपतीबद्दल तो थोडं बोलतो. मंत्र्यांच्या सभेला लाभार्थी न्यायला गाड्या गेल्या की मात्र मोकळेपणी बोलतो, पण ते इथं छापण्यासारखं नाही. मजा अशी की त्या सभेची गाडी कधीकधी त्याच्याच गावात येते. सरकारी योजना आपल्या दारापर्यंत कशा पोहोचल्या, हे ऐकायला त्याला चाळीस किलोमीटर लांब घेऊन जाते. आणि ती गाडी मात्र रात्री परत आणून सोडते. गावाच्या आठवणीत अलीकडची परतीची गाडी तेवढीच.

एसटी गेली की तिथं वडाप येतं. मराठवाड्या-विदर्भाकडं काळी-पिवळी, कुठं टमटम, कुठं मॅजिक. वडापला वेळापत्रक नसतं. “एकच शीट हाय” म्हणून तो ओरडत असतो, आणि ते एक सीट भरता भरत नाही, कारण ते कधीच एक नसतं. नऊजणांच्या जीपमध्ये सतरावा माणूस चढला की ड्रायव्हर स्वतः निम्मा बाहेर होतो, गिअर दोन अनोळखी गुडघ्यांच्या मधून कुठंतरी सापडतो, आणि मग गाडी सुटते. भाडं रोख, सवलत नाही. म्हातारीनं पिशवीतून लॅमिनेशन केलेलं आधारकार्ड काढलं की तो म्हणतो, “मावशे, फोटू झ्याक आलाय, आता तीस रुपये काढ.” वडापबद्दल शहरात फार वाईट बोललं जातं. पण तो दारात थांबतो, उधारी ठेवतो, सिमेंटची पोती आणि करडू एकाच भाड्यात आणतो. त्याचा दोष एवढाच की माणसं असतील तरच तो असतो. रात्री साडेआठला, पावसात, एका बाळंतिणीसाठी जीप काढायची की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं. एसटीला मर्जी नव्हती. रिकामी असली तरी ती निघायची, आणि तिच्या याच गुणाला वहीत तोटा म्हणतात.

अर्ध्या तिकिटाचा नियम आला तेव्हा घराघरांत एक वेगळीच क्रांती झाली होती, तिची कुठं नोंद झालेली नाही. बँकेत जायचं, “तू जा, तुला अर्धं पडतं.” तलाठ्याकडं फेरफाराला, “तूच जा.” रेशन, लाईटबिल, पोराच्या शाळेची सही, सगळं अर्ध्या तिकिटावर गेलं. नवरेमंडळींनी काटकसर म्हणून हे केलं. वर्षभरात बायकांना तहसील कचेरीचे सगळे टेबल पाठ झाले, कोणत्या साहेबाला कसं बोललं की काम होतं ते समजलं, आणि येताना स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून भजी खायची पद्धत पडली. गाडी बंद झाल्यावर नवऱ्यांना पुन्हा तलाठ्याकडं जायची पाळी आली. त्यांना आता तिथलं काही समजत नाही. मागच्या सीटवर बायकोला बसवून ते मोटरसायकलवरून जातात, बाहेर उभे राहतात, ती आत जाऊन काम करून येते. भज्यांचं बिल आता दोघांचं होतं.

मोटरसायकली हप्त्यावर आल्या. ज्यांना हप्ता झेपतो त्यांचा प्रश्न सुटला, आणि गाडीसाठी भांडणारी धडधाकट माणसं तिथंच कमी झाली. मागं उरले म्हातारे, ज्यांना चालवता येत नाही, आणि मुली, ज्यांना चालवू देत नाहीत. मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्या खास शाळकरी मुलींसाठी फिरतात, त्यांनी फार मोठं काम केलं. ज्या गावाला त्याही नाहीत, तिथं दहावीनंतर मुलगी घरी बसते. पाहुणे बघायला येतात, पोहे होतात, आणि वडीलधारे विचारतात, शिक्षण किती? अशाच एका मुलीनं उत्तर दिलं होतं, “गाडी होती तोपर्यंत.” पाहुणे हसले. त्यांना वाटलं पोरगी विनोदी आहे.

शेवटी गावानं शिष्टमंडळ नेलं. ग्रामसभेचा ठराव, सरपंचांची सही, गोल शिक्का, आणि अकरा माणसं. आगारातल्या साहेबांनी ठराव वाचला, चहा मागवला.

“तुमच्या गावातून प्रवासीच नाहीत हो.”

“साहेब, आम्ही अकराजण समोर बसलोय की.”

“कसं आलात?”

“वडापनं.”

“मग सोय आहे की!” साहेब म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता खरोखर दूर झाली.

तरी त्यांनी सर्वेक्षणाला माणूस पाठवला. तो मोटरसायकलवरून आला, थांब्यावर तासभर थांबला, एकही प्रवासी वाट बघताना आढळला नाही असं लिहून गेला. दोन वर्षं गाडी आली नव्हती. त्या तासाला वाट बघत उभं राहायला गावात वेडा माणूस हवा होता, आणि जो होता तो नेमका त्या दिवशी तालुक्याला गेला होता. पुढचं पत्र आलं की रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचा बांधकाम खात्याचा दाखला आणा. बांधकाम खातं म्हणालं, त्या रस्त्यावर जड वाहनच जात नाही, तर डांबर कशाला? पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर डांबर पडलं. मग कळलं की गाडी वळायला जागा नाही. हे मात्र गावाचं पाप. जिथं गाडी वळायची तिथं एकानं टपरी टाकली, टपरीपुढं दुसऱ्यानं पत्रा ओढला, आणि वेशीवर तरुण मंडळानं ‘सहर्ष स्वागत’ लिहिलेली कमान उभी केली, ती इतक्या हौसेनं की तिच्याखालून एसटीचा टप जात नाही. स्वागत कोणाचं करायचं होतं, याचा विचार बांधताना कुणी केला नव्हता. कमान पाडायला मंडळ तयार होईना. शेवटी गाडी कमानीबाहेर थांबेल आणि तिथूनच वळेल, असं ठरलं.

तिथं प्रवासी निवाराही आहे. तो गाडी बंद झाल्यानंतर आमदार निधीतून झाला. आमदारांचं नाव गावाच्या नावाच्या चौपट मोठं आहे, त्यामुळं रात्री वाट चुकलेला माणूस त्या नावाच्या गावाला आलो असं समजतो. आत सिमेंटचं बाकडं, दुपारी पत्त्यांचा डाव, उन्हाळ्यात कडबा, बाहेरच्या भिंतीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. निवाऱ्यात बसलेल्यांना तुम्ही “गाडीची वाट बघताय का?” असं विचारलंत तर ते दुखावतात.

आणि एवढं सगळं होऊन गाडी सुरू झाली. खोटं नाही. ‘गाडी नाही तर मत नाही’ असा फलक कमानीवरच लागला, फोटो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला, तहसीलदार जीप घेऊन आले, आणि पुढच्या सोमवारी सकाळी साडेआठला लाल गाडी कमानीबाहेर येऊन उभी राहिली. बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू, नारळ फुटला, पेढे वाटले. चालकाला फेटा बांधला, वाहकाला टोपी-टॉवेल. सरपंचांनी भाषणात एसटीला जीवनवाहिनी म्हटलं, उपसरपंचांनी रक्तवाहिनी म्हटलं, आणि तिसऱ्या वक्त्याला वाहिनी न उरल्यामुळं त्यानं आभार मानले. सगळं गाव गाडीत चढून बसलं. खिडकीतून हात काढून फोटो झाले. वाहकानं तिकिटाचं मशीन काढलं, तेव्हा पुढच्या सीटवरच्या अण्णांनी विचारलं,

“परतीची किती वाजता?”

वाहक नवा होता, प्रामाणिक होता. “परतीचं आगारात अजून ठरायचंय. सध्या एकच फेरी मंजूर आहे.”

गाडीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग अण्णा उठले. मग त्यांच्या मागचे. मोटरसायकलवाले तर फोटोपुरतेच चढले होते, ते खिडकीतूनच उतरले. वडापवाला लांब झाडाखाली जीपला टेकून उभा होता, त्यानं न ओरडताच त्याची शीटं भरायला लागली. पाच मिनिटांत एसटी रिकामी झाली. वाहकानं मशीनकडं बघितलं, चालकानं फेटा सारखा केला.

एक आजी तेवढ्या बसून राहिल्या. खिडकीशी, पिशवी मांडीवर, आधारकार्ड हातात. वाहक जवळ जाऊन म्हणाला, “आजी, ऐकलंत का? परतीची गाडी नाही.”

“ऐकलं रं. म्हातारी हाय, भैरी न्हाई.”

“मग परत कशा येणार?”

“कशाला यायचं? लेक तालुक्यालाच दिलीया. गाडी मंजूर होईस्तवर ऱ्हातो की तिच्याकडं.”

वाहकानं शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं, डबल घंटी मारली आणि गाडी निघाली. आजींच्या जावयाला अजून कुणी काही कळवलेलं नाही.